बेचाळिसावा अर्ज

आमच्या वन्सं राजकारणात गेल्या त्या एका चुकीमुळे, आणि ती चूक त्यांची नव्हती, वकीलसाहेबांची होती. पुढे वन्संनी चार निवडणुका जिंकल्या, एक हरल्या, दोनदा मंत्री झाल्या आणि शेवटी गुडघे कुरकुरायला लागल्यावर घरी येऊन बसल्या. तरी लोक यायचे आणि विचारायचे, "बाई, तुम्ही राजकारणात आलात कशा?" त्या म्हणायच्या, "दुसऱ्याचा पेपर तपासता तपासता." लोकांना वाटायचं बाई थट्टा करतात. मी आतून चहा आणताना मान हलवायची, कारण मी तिथं होते.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नाही. "वेळ मिळाला नाही," म्हणायच्या, आणि ते कोणाला खोटं वाटत नसे. आम्ही सगळे एकाच घरात राहायचो. वर दोन खोल्या नि स्वयंपाकघर, खाली छापखाना. छापखाना म्हणजे पायानं चालवायचं एक यंत्र, शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या अक्षरांच्या, चार मोठ्या पेट्या, शाईनं काळं झालेलं एक टेबल, आणि ओले कागद वाळत घालायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या सात दोऱ्या. यंत्र हे चालवायचे, खिळे मी जुळवायची. लग्न होऊन आले तेव्हा 'क'चा खण कुठला ते मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत उलटी अक्षरं इतकी अंगवळणी पडली की सुलट वाचताना अडखळायला व्हायचं.

शाळा दहावीपर्यंतच होती. पुढचं शिकायचं तर नदीपलीकडच्या शहरात, बसनं दीड तास जायला, दीड तास यायला. मुलींना कोण पाठवणार? दहावी झाली की मुलगी घरी, आणि वर्ष-दोन वर्षांत लग्न. वन्सं अकरा वर्षं दर जूनमध्ये शिक्षण खात्याला अर्ज करत होत्या की आमच्या शाळेत अकरावी-बारावीचे वर्ग काढायला परवानगी द्यावी. अर्ज जायचा, पोच यायची, आणि मग सगळं सामसूम.

त्या अर्जाकडे मी इतकी वर्षं त्यांचं खूळ म्हणूनच बघत होते. मग आमची चिमणी नववीत गेली.

चिमणी आमची एकुलती एक. आत्याकडून गणित शिकलेली, त्यामुळे डोकं तरतरीत आणि जीभही. एक दिवस ह्यांना सहज म्हटलं, "हिला पुढं शिकवायचं ना?"

हे एरवी गरीब गाय. पण म्हणाले, "रोज तीन तास बसचे धक्के खायला पाठवू? छे. दहावी होऊ दे, मग छापखाना आहेच की. तुझ्यासारखी खिळे जुळवेल."

माझ्या हातातला खिळा भलत्याच खणात गेला, आणि माझा खिळा कधी भलत्या खणात जात नसे. मी पण दहावीनंतरच इथं आले होते.

त्या वर्षी थंडीत निवडणूक लागली. गावातले वकीलसाहेब उभे राहणार होते. ते आमच्याकडे आले ते जिन्यावरूनच "बाई, बाई" करत.

"बाई, एक उपकार करा. आमच्या पक्षातर्फे तुम्हीही अर्ज भरा."

"मी?" वन्सं वह्यांतून वर बघत म्हणाल्या.

"नुसता नावाला हो! माझा अर्ज काही कारणानं बाद झालाच, तर पक्षाला कोणी तरी हवं म्हणून दुसरा अर्ज भरून ठेवतात. माझा मंजूर झाला की तुम्ही मागं घ्यायचा. चार दिवसांचं काम. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो मागं घ्यायच्या दिवशी गावाला निघून जायचा. तुम्हाला काही मोह नाही, म्हणून तुमच्याकडं आलो."

"निवडून आलात तर अकरावीच्या परवानगीचं?"

"पहिलं काम ते! शब्द देतो."

वन्संनी अर्ज भरला. अक्षर असं की वाटावं छापूनच आणलाय. तो बघून वकीलसाहेबांनी खिशातून आपलाही काढला. "माझाही जरा नजरेखालून घाला."

आता इथं वन्संची एक पद्धत सांगायला हवी. तीस वर्षांत त्यांनी कुठल्याही वहीत चूक कुठं आहे ते कधी दाखवलं नाही. फक्त समासात आकडा लिहायच्या. '५ चुका' म्हणजे पाच चुका, बस आता शोधत. मुली रात्री जेवताना वही उघडून बसायच्या. "जी चूक आपली आपल्याला सापडते ती पुन्हा होत नाही," हे वन्संचं म्हणणं. तर त्यांनी वकीलसाहेबांचा अर्ज वाचला, लाल पेन्सिलीनं समासात '३ चुका' लिहिलं, खाली रेघ मारली आणि परत दिला.

"कुठल्या?"

"शोधा."

"अहो बाई, मी पंचवीस वर्षं वकिली करतोय!"

"म्हणून तीनच आहेत."

वकीलसाहेब आमच्या टेबलाशी अर्धा तास बसले. दोन कप चहा प्यायले. एका ठिकाणी वय एक्कावन्न लिहिलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी पन्नास, ते सापडलं. मतदारयादीतला क्रमांक चुकला होता, तोही सापडला. मग त्यांनी अर्ज खाली-वर केला, पाठपोट बघितला, उजेडाला धरला, आणि जिना उतरताना मला म्हणाले, "दोनच आहेत हो! गणिताच्या बाई मोजायला चुकल्या!" हसत हसत गेले.

छाननीच्या दिवशी त्यांचा अर्ज बाद झाला. शेवटच्या पानावरच्या शपथेखाली सहीच नव्हती.

ते धापा टाकत आले. पायात एकच चप्पल होती. "बाई! तुम्हाला माहीत होतं!"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. तीन लिहिलं होतं."

वकीलसाहेब खुर्चीत बसले ते बसलेच. वन्संनी डाव साधला असं गावात काही लोक अजून म्हणतात. मी त्या खोलीत होते. वन्संचा चेहरा वकीलसाहेबांपेक्षा जास्त पडला होता. त्यांचे सहामाहीचे एकशे दहा पेपर तपासायचे बाकी होते.

पण अर्ज मागं घेतला असता तर पक्षाला उमेदवारच नव्हता. समोर होते गिरणीवाले शेठ, तीनदा निवडून आलेले, आणि तिन्ही वेळा 'अकरावीचं बघतो' म्हणालेले. वन्सं रात्रभर जिन्यात येरझाऱ्या घालत होत्या. सकाळी मी म्हटलं, "वन्सं, उभ्या राहा. वकीलसाहेब तरी परवानगी मागणारच होते ना? मग मधला माणूस कशाला?" खरं सांगायचं तर मला त्यांच्या आमदारकीचं काही पडलं नव्हतं. मला दीड वर्षानं दहावी होणारी चिमणी दिसत होती.

"पण मला भाषण येत नाही," वन्सं म्हणाल्या.

"मग जे येतं ते करा."

त्यांना काय येत होतं? प्रश्नपत्रिका काढता येत होती. त्यांनी ती काढली, मी जुळवली, ह्यांनी छापली, आणि दोन दिवसांत ती प्रत्येक घरात गेली. वर लिहिलं होतं: 'परीक्षार्थी: विद्यमान आमदार. वेळ: मतदानापर्यंत. एकूण गुण शंभर. सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक. खाडाखोड केल्यास गुण कापले जातील.' खाली दहा प्रश्न. गिरणीचं सांडपाणी शाळेच्या मागून का वाहतं? कारणे द्या. पुलाचा पाया तीन वेळा घातला. पूल किती वेळा झाला? दवाखान्यात डॉक्टर आहे की दवाखाना डॉक्टरच्या घरी आहे? फरक स्पष्ट करा. आणि दहावा, सगळ्यात जास्त गुणांचा: दहावी झालेल्या मुलीनं पुढं काय करावं?

गाव नुसतं फिदीफिदी हसत होतं. न्हाव्याच्या दुकानात माणसं अर्ध्या दाढीनिशी प्रश्न सोडवत होती.

शेठनी दुर्लक्ष केलं असतं तर बरं झालं असतं. पण जो तो विचारायचा, "काय शेठ, पेपर कसा गेला?" शेवटी चिडून ते म्हणाले, "उत्तरं देतो!" आणि उत्तरं छापायला गावात छापखाना एकच. ते आमच्याच दारात आले.

हे गडबडले. "शेठ, आमच्या ताईच तुमच्या विरुद्ध..."

"तुमचा धंदा आहे ना? मग छापा."

"धंदा आहे," हे म्हणाले आणि छापलं. मीच जुळवलं, आणि अगदी मन लावून जुळवलं, एक काना-मात्रा इकडची तिकडे होऊ दिली नाही. दहापैकी चारच प्रश्नांची उत्तरं होती. दहाव्या प्रश्नापुढं लिहिलं होतं, 'विषय गंभीर आहे.'

दुसऱ्या दिवशी तीच उत्तरपत्रिका तपासून गावभर गेली. समासात लाल शाई. शेवटी: 'शंभरपैकी सतरा. पैकी दोन गुण सुवाच्य छपाईबद्दल, ते छापखान्याचे आहेत.'

त्या दिवसापासून शेठना कोणी शेठ म्हटलं नाही. रस्त्यानं गेले की पोरं कुजबुजायची, "सतरा आले, सतरा आले!" वन्सं दोनशे बारा मतांनी निवडून आल्या. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं वकीलसाहेब नाचत होते. बाद झालेला माणूस इतका छान नाचताना मी पुन्हा पाहिला नाही.

मग वन्सं राजधानीला गेल्या आणि आमच्या लक्षात आलं की आमदार होणं म्हणजे अर्ज करायची जागा बदलणं. त्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसायच्या. उभ्या राहून अकरावीचं विचारायच्या. मंत्री म्हणायचे, "विचाराधीन आहे." पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारायच्या, "अजून विचाराधीन आहे." शनिवारी घरी आल्या की मी दारातच विचारायची, "काय झालं?" आणि त्या बूट काढता काढता म्हणायच्या, "विचार खोल दिसतोय."

चिमणी दहावीत गेली. सहामाही झाली. हे तिला रविवारी छापखान्यात बोलवायला लागले, "हात बसायला हवा," म्हणून. मी तिला वर पिटाळायची, "अभ्यास कर." ह्यांना वाटायचं मी लाड करते.

फेब्रुवारीत सरकार डळमळलं. कोण कुणावर रुसलं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं, आताही आठवत नाही. पण मंत्रिमंडळ नव्यानं झालं आणि कोणत्याच गटात नसलेलं माणूस हवं म्हणून वन्संना शिक्षण खात्याचं उपमंत्री केलं. फोन वकीलसाहेबांकडे आला. ते पळत आले, या वेळी दोन्ही चपला घालून. "वहिनी! बाई मंत्री झाल्या! शिक्षण खातं!"

मी ह्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं, यंत्र थांबवलं, आणि चिमणीला ओरडून सांगितलं, "झालं ग बाई तुझं!" शेजारपाजारच्यांना बिस्किटं वाटली. शनिवारी सरकारी गाडी दारात थांबली तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशीच उभी होते.

"वन्सं, सही केलीत?"

"नाही."

"सोमवारी करणार?"

"नाही ग." त्या पायरीवरच बसल्या. "आपल्या आधी एक्केचाळीस अर्ज आहेत."

"कसले?"

"असलेच. मी कपाट उघडलं तर आत गठ्ठा. कुठल्या कुठल्या गावच्या शाळा. एक तर एकोणीस वर्षांपूर्वीचा आहे. आपला बेचाळिसावा. वहिनी, अकरा वर्षं मी समजत होते की उत्तर फक्त मलाच येत नाही."

"बरं, मग त्यांच्याही करा सह्या. आधी आपली करा."

"असं कसं? रांग आहे."

"रांग? मंत्री तुम्ही, खातं तुमचं, पेन तुमचं, भाची तुमची! आणि रांग कसली?"

"रांग म्हणजे रांग."

"मग त्या रांगेतच जेवा," मी म्हटलं आणि वर गेले.

दोन आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही. शनिवारी त्या यायच्या, मी ताट वाढून झाकून ठेवायची आणि खाली जाऊन खिळे घासत बसायची. चिमणी मधल्या मध्ये निरोप पोचवायची. "आत्या विचारतेय मीठ कुठंय." "सांग, विचाराधीन आहे." हे बिचारे दोन्ही बाजूंनी मान हलवून हलवून थकले. मला मनातून कळत होतं की वन्संचं बरोबर आहे. म्हणून तर राग जास्त येत होता. एक्केचाळीस गावांत माझ्यासारख्या किती जणी बसल्या असतील.

तिसऱ्या शनिवारी ताट झाकता झाकता माझ्या तोंडून निघून गेलं, "रांग मोडू नका म्हणता ना? नका मोडू. पण रांग बसून कशाला आहे? तिला पळवा की!"

वन्संनी माझ्याकडं बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "शाळा उघडायला पंधरा आठवडे. आठवड्याला तीन." आणि ताटावर बसल्या त्या वाढलेलं न बघताच भराभरा जेवल्या.

पुढच्या शनिवारी गाडीच्या डिकीतून गठ्ठे उतरले. वन्सं रजिस्टरवर सही करून घरी फायली आणत, आणि सोमवारी मोजून परत नेत. छापखान्याच्या सातही दोऱ्यांवर अर्ज चिमट्यांनी लटकले. प्रत्येक अर्जाला तीन गोष्टी लागायच्या: तीस मुली, न गळणारी एक खोली, आणि पदवीधर शिक्षक. ज्याचं सगळं पुरं, तो अर्ज खिडकीकडच्या दोरीवर. ज्याचं काही कमी, तो आतल्या. खात्याची आतापर्यंतची रीत अशी होती की अपुरा अर्ज आला की तो कपाटात टाकायचा आणि काय कमी आहे ते कोणाला कळवायचं नाही. शाळा वाट बघायची, कपाट गप्प बसायचं.

"आपण कार्ड छापून कळवू," वन्सं म्हणाल्या आणि मजकूर लिहून दिला: 'आपल्या अर्जात २ उणिवा आहेत.'

मी कपाळावर हात मारला. "वन्सं! इथं नाही हं! कुठल्या त्या लिहा!"

"त्यांची त्यांना सापडली तर..."

"त्यांची त्यांना सापडेपर्यंत माझी मुलगी आजी होईल!"

चिमणी टेबलाखाली जाऊन हसत होती. वन्संनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चूक कुठं आहे ते लिहिलं. लिहिताना असा चेहरा केला होता की जणू कोणी दात उपटतंय.

खात्याचे सचिव एक रविवार बघायला आले. मोठे कडक इस्त्रीचे गृहस्थ. दारातून वाकून आत शिरले ते सरळ ओल्या पोस्टकार्डांच्या दोरीत. नाकावर उलटं 'उणीव' उमटलं. ते पुसायला गेले तर गालावर पसरलं.

"मॅडम, सरकारी कागद असे दोरीवर वाळत घालायचे नसतात."

"कपाटात वाळवी लागली होती," वन्सं म्हणाल्या. "धरा हे, तिसऱ्या दोरीवर लावा."

त्यांनी लावला. पुढच्या रविवारी ते इस्त्रीशिवाय आले आणि आल्या आल्या बाह्या वर केल्या. एक दिवस मी त्यांना ह्यांच्याशी बोलताना ऐकलं, "अहो, बावीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच काही तरी संपताना बघतोय."

मग तपासण्या सुरू झाल्या. गाडीत पुढं वन्सं नि ड्रायव्हर, मागं सचिव, मी, चिमणी आणि मांडीवर फायली. चिमणीची परीक्षा झाली होती, तिला मोजणीच्या कामाला घेतलं. एका गावात आम्ही पोचलो तेव्हा खोलीवर पत्रे ठोकणं चालू होतं. खाली सचिव फीत धरून मोजतायत, वर मुख्याध्यापक स्वतः हातोडा घेऊन ओरडतायत, "मोजा, मोजा, तुमचं होईतो छप्पर होतं!" आणि झालं. दुसऱ्या गावात शिक्षक मिळत नव्हता, तर पोस्टमास्तरची बायको पदवीधर निघाली. तिच्या नवऱ्यालाच ते नीट माहीत नव्हतं. "म्हणजे तू खरंच शेवटपर्यंत शिकलीस?" तो विचारत होता. परतताना गाडीत आम्ही एवढं हसलो की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली.

मेच्या अखेरीस सदतीस. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस. शेवटचा अर्ज दोरीवरून काढला तेव्हा सहा दोऱ्या रिकाम्या होत्या आणि सातवीवर एकच कागद होता. आमचा. आणि चिमणी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली होती.

"आता करा सही," मी म्हटलं.

"मी नाही करणार. शाळा माझी, भाची माझी. तपासणी सचिव करतील, सही मोठे मंत्री. मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

या वेळी मी भांडले नाही. आमचं सगळं पुरं होतं. खोली कोरडी होती, नवे गणिताचे सर येऊन राहिले होते, आणि यादीत एकतीस मुलींची नावं होती.

पंधरा जूनला शाळा उघडली. सचिव सकाळी साडेअकराला आले. बारापर्यंत मोजणी करून त्यांना तार करायची होती, नाही तर मंत्री दौऱ्यावर जाणार, आणि मग थेट पुढचं वर्ष. खोलीत ताज्या चुन्याचा वास. मुली बाकांवर बसल्या होत्या. मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी. सचिवांनी बोट दाखवत मोजलं, "अठ्ठावीस."

"पुन्हा मोजा," वकीलसाहेब म्हणाले. ते शाळेच्या मंडळावर होते.

"अठ्ठावीसच आहेत."

दोघींची त्या महिन्यात लग्नं झाली होती. तिसरीला गोवर आला होता. सचिवांनी वहीवरून वर बघितलं. चेहरा पार उतरला होता त्यांचा. "वकीलसाहेब, याच बाईंनी मला एका शाळेत एक मुलगी कमी होती म्हणून तीन वेळा परत पाठवलंय. मी आज कसा सोडू?"

वन्सं बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या, हात पाठीमागं बांधून. अक्षर काढणार नाही म्हणाल्या होत्या, ते पाळत होत्या. चिमणी पहिल्या बाकावर बसली होती, नवी वही समोर, आणि माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती.

घड्याळात अकरा पन्नास.

मी ट्रे खिडकीत ठेवला. "साहेब, नियमात मुलीचं वय लिहिलंय का?"

"काय?"

"वरचं वय. किती वर्षांपर्यंतची चालते?"

सचिवांनी नियमांचं पुस्तक उघडलं. पान उलटलं. परत उलटलं. "दहावी उत्तीर्ण... स्त्री उमेदवार... वयाचं काही नाही."

"मी दहावी पास आहे," मी म्हटलं. "छत्तीस वर्षांची."

मागच्या बाकावर कोणी तरी खिदळलं. चिमणीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "आई!"

"प्रमाणपत्र?" सचिव म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर चढला होता.

हे तोवर मागं येऊन उभे होते. त्यांना काय झालं कोण जाणे. "मी आणतो!" म्हणून पळाले. पोरगी खिळे जुळवेल म्हणणारा माणूस रस्त्यानं छातीशी दोन्ही हात धरून धावत होता.

"एकोणतीस," सचिव म्हणाले. "अजून एक."

वकीलसाहेब खिडकीतून बाहेर ओरडले. कोणाला, ते त्यांनाही माहीत नसावं. "दहावी पास बाई आहे का कोणी?" शाळेसमोरच गिरणीवाल्यांचं घर. गॅलरीत त्यांची सून कपडे वाळत घालत होती. तिनं ओला टॉवेल खाली टाकला. "मी आहे! पण मामंजींना..."

मामंजी खाली ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी आमच्या खिडकीकडं बघितलं, व्हरांड्यातल्या वन्संकडं बघितलं, आणि पेपरची घडी घातली.

"जा," ते म्हणाले. "आमच्या घरातलं कोणी तरी पास होऊ दे."

ती जिना उतरून, रस्ता ओलांडून, खांद्यावर चिमटे तसेच आणि हातात प्रमाणपत्र घेऊन आली. हे आले, प्रमाणपत्राचा कागद घामानं ओला. सचिवांनी "तीस!" असं लिहिलं की पेनाची निब वाकली, आणि ते स्वतःच तार करायला पोस्टाकडं पळत सुटले. मंजुरीची उलट तार बारा वाजून चाळीस मिनिटांनी आली. तोवर आम्ही तीस जणी जागच्या हललो नव्हतो. वन्सं आत आल्या. आणि मग भिंतीला टेकून अशा हसायला लागल्या की नव्या सरांना वाटलं बाईंना काही झालं.

"आता दोन वर्षं यावं लागेल हं वहिनी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "हजेरी पंचाहत्तर टक्के."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग छापखाना?" हे म्हणाले.

"खिळे तुम्ही जुळवा," मी म्हटलं. "हात बसायला हवा."

चिमणीनं मला शेवटच्या बाकावर जायला सांगितलं. मी म्हटलं, तिथून मला फळा दिसत नाही. शेवटी नाइलाजानं ती सरकली. "पण वर्गात मला चिमणी म्हणायचं नाही," ती दातांतल्या दातांत म्हणाली. सरांनी खडू उचलला, फळ्यावर गणित लिहिलं आणि सोडवायला सांगितलं. तीस डोकी खाली गेली. वीस वर्षांनी हातात पेन्सिल होती, आणि मला पहिली पायरीसुद्धा सुचेना. मी हळूच चिमणीच्या वहीत बघितलं.

तिनं हातानं वही झाकली.